रनफ्लॅट काढून साधे टायर टाकताय? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजवाल्यांची एक ठरलेली तक्रार: गाडी नाद खुळा, पण खड्ड्यात कंबर मोडते. खरं आहे. हवा गेली तरी टायरनं गाडी पेलावी म्हणून रनफ्लॅटची साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) मुद्दाम जाड आणि कडक केलेली असते. मग कुणीतरी सांगतं, साधे टायर टाक, गादीवर बसल्यागत वाटेल. वाटतंही. मी बदलले, आणि परत रनफ्लॅट घालणार नाही. पण टायर बदलल्यावर लोक जे उद्योग करतात ते बघून डोकं फिरतं. त्यातले निम्मे मी स्वतः करून बसलोय.

टायर बदलला, डोकं तेच ठेवलं

रनफ्लॅटवर डॅशबोर्डवरचा हवा कमी झाल्याचा दिवा लागला तरी ताशी ८० च्या आत राहून साधारण ८० किलोमीटर जाता येतं. म्हणजे गगनबावड्यात पंक्चर झालं तरी माणूस रंकाळ्यावर येऊन पोचतो. हीच सवय घात करते.

ऑगस्टमधली गोष्ट. गगनबावड्याहून परत येत होतो, पाऊस धो धो, शेजारी मित्र. असळज मागं पडलं आणि दिवा लागला. साधे टायर टाकून महिना झाला होता, पण हात जुनेच. म्हटलं, "कळ्यापर्यंत रेटू, तिथं कोणीतरी पंक्चरवाला असेलच." सहा-सात किलोमीटर गेलो असेन, मागून फदफद आवाज यायला लागला. उतरून बघतो तर रिम जवळपास रस्त्यावर. डिकीत स्टेपनी नाही, पंप नाही, काहीच नाही. टोइंगची गाडी येईपर्यंत मित्र समोरच्या टपरीवर भजी खात बसला आणि मी शिव्या.

दुसऱ्या दिवशी टायर रिमवरून उतरवला तर आतून काळा भुगा सांडला. साईडवॉल आतल्या आत दळली गेली होती. पंक्चर काय होतं? ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, एक बारीक खिळा. दिवा लागल्या लागल्या थांबलो असतो तर दहा मिनिटांचं काम. महिन्याचा टायर भंगारात गेला.

तेव्हापासून माझा नियम एकच: दिवा लागला की पहिली सुरक्षित जागा बघून थांबायचं. डिकीत कायम चार वस्तू: १२ व्होल्टचा पंप, रबरी पट्ट्यांचं पंक्चर किट, पक्कड, डोक्याला लावायची बॅटरी. २०२० च्या नियमानं स्टेपनीशिवाय गाडी विकता येते, पण त्यासाठी ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट लागतं. आपले लोक रनफ्लॅट काढतात आणि किट पुढच्या पगारावर ढकलतात. नुसत्या बाटलीतल्या सीलंटवर विसंबणारे तर वेगळीच जमात. ट्रेडमधल्या बारीक भोकाला ते चालतं. खड्ड्याच्या कडेनं साईडवॉल चिरली तर पाच बाटल्या ओता, काही होत नाही. घाटात जाणाऱ्यानं बारीक स्टेपनी घ्यावीच. घेण्याआधी ती पुढच्या ब्रेक कॅलिपरवरून (चाकाच्या आतला ब्रेकचा जबडा) बसते का, हे चाक प्रत्यक्ष चढवून बघा. जोरकस गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, तिथं हमखास अडतं.

"मऊ लागतंय, अजून हवा भर"

साधा टायर वळणावर किंचित उशिरा उत्तर देतो. नवखा माणूस घाबरतो आणि चारही चाकांत ४० पीएसआय हवा ठोकतो. मग टायर मधोमध झिजतो, पकड जाते, आणि ज्या आरामासाठी पैसे घातले तोही जातो. दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा, सकाळी टायर गार असताना तेवढीच हवा भरा आणि त्यानंतरच हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा रीसेट करा. उलट केलंत तर गाडी चुकीच्या दाबालाच बरोबर धरते. नवे टायर पहिले काहीशे किलोमीटर जरा निसरडे असतात, तेवढा दम धरा. पण दम धरणारा माणूस ही गाडी घेईल कशाला, हाही प्रश्नच.

दोनच टायर बदलणं

पुढं रनफ्लॅट, मागं साधे: नको. गाडी दोन स्वभावांची होते. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरक ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) मुळावर येतो. पैसे कमी असतील तर थांबा.

आकडे न वाचता टायर घेणं

साईज जुळली म्हणजे झालं, असं नाही. ९४ लोड इंडेक्सचा टायर ६७० किलो पेलतो, ९१ चा ६१५. स्वस्तात मिळतो म्हणून कमी आकड्याचा घेऊ नका. टायरवरच्या DOT कोडचे शेवटचे चार अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, दुकानात उभं राहूनच ते वाचा.

मशीन न बघता गाडी आत घालणं

रनफ्लॅट उतरवायला जादा हात असलेलं मशीन लागतं. टॉमीनं उचकटणारा दिसला की गाडी वळवा. रिमही जाते, व्हॉल्व्हजवळचा हवेचा सेन्सरही.

बोल्ट

दुकानातली गन बोल्ट असे आवळते की घाटात तुमच्या पान्यानं ते हलत नाहीत. टॉर्क पान्यानंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) आवळायला लावा आणि एकदा घरच्या दारात, उजेडात, स्टेपनी स्वतः चढवून बघा. मला पहिल्यांदा पाऊण तास लागला. त्यातली वीस मिनिटं लॉकिंग बोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला खास बोल्ट) किल्ली शोधण्यात गेली. ती मुलाच्या खेळण्यांच्या डब्यात होती.