बेळगावसाठी मोठी क्रीडास्पर्धा मागताना: क्रीडामंडळे आणि नागरिकांसाठी मार्गदर्शन

२६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा बाहेरगावाहून येणाऱ्या हजारो लोकांना पाणी पुरवण्यासाठी टिळकवाडीत एक विहीर खोदण्यात आली. मंडप उतरला, विजयनगर या नावाने उभारलेला तळ उठला, पण विहीर राहिली आणि शंभर वर्षांनंतरही लोक तिला काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात. बेळगावात मोठी क्रीडास्पर्धा व्हावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी मागणीचे निवेदन लिहायला बसण्यापूर्वी एकदा त्या विहिरीपाशी जाऊन यावे. पाहुणे परत गेल्यावर शहराच्या पदरात काय राहणार, या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवले तर उरलेला प्रस्ताव त्याच्या आधाराने लिहिता येतो. हे उत्तर नसेल, तर कितीही सह्या गोळा केल्या तरी निवेदन फाइलीतच पडून राहते.

पहिले काम म्हणजे कोणती स्पर्धा मागायची हे ठरवणे. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठी भारताने यजमानपदाची इच्छा कळवणारे पत्र दिले आहे, त्यामुळे सध्या प्रत्येक शहराला आपलेही काही व्हावे असे वाटते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र बेळगावने आपल्या मापाचे मागावे. आपल्या भागात कुस्ती, कबड्डी, खो-खो, हॉकी आणि क्रिकेट हे खेळ मातीत मुरलेले आहेत. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हॉकी संघातील बंडू पाटील बेळगावचे, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक मिळवणारी मलप्रभा जाधव आपल्या तुरमुरीची. ज्या खेळाचे खेळाडू, पंच आणि प्रेक्षक तिन्ही गावात आहेत, त्याच खेळाची स्पर्धा आधी मागावी. प्रथम राज्य अजिंक्यपद, मग कुमार किंवा किशोर गटाची राष्ट्रीय स्पर्धा, आणि त्यानंतर राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतील एक-दोन खेळांचे यजमानपद, अशी चढण धरणे योग्य. ऑटोनगरच्या क्रिकेट मैदानावर मे २०१९ मध्ये भारत अ आणि श्रीलंका अ यांच्यात चार दिवसांचा सामना झाला, तेव्हा एका खेळापुरती तरी या पायरीवर बेळगावने पाऊल ठेवलेले आहे.

राष्ट्रीय क्रीडास्पर्धा एकाच शहरात भरल्या पाहिजेत असे नाही, हे निवेदनात आवर्जून लिहावे. २०२३ च्या स्पर्धा शेजारच्या गोव्यात झाल्या, त्या म्हापसा, मडगाव, पणजी, फोंडा आणि वास्को अशा पाच ठिकाणी विभागल्या होत्या. सायकलिंग आणि गोल्फ तर दिल्लीत घेण्यात आले. पंधरा दिवसांसाठी नवे बांधण्यापेक्षा जेथे सोय आहे तेथे खेळ नेणे शहाणपणाचे ठरते. कर्नाटकाने १९९७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरवल्या, त्या बंगळूर आणि म्हैसूरमध्ये. पुन्हा कधी यजमानपद राज्याकडे आले तर उत्तर कर्नाटकाचा वाटा म्हणून बेळगावने कुस्ती आणि खो-खो मागावे, ही मागणी कोणालाही अवास्तव वाटणार नाही. तरीही विभागणी केली की खर्च आपोआप कमी होतो, असे समजू नये. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा लहान शहरांत वाटून घेण्याचे ठरवले होते, पण प्रत्येक ठिकाणी नव्याने सोयी कराव्या लागणार असल्याने अंदाज फुगत गेला आणि जुलै २०२३ मध्ये त्यांनी यजमानपदच सोडले.

यानंतर मैदानांची मोजणी. हे काम कंटाळवाणे आहे, पण प्रस्तावाचा कणा हाच आहे, म्हणून त्यावर दोन-तीन रविवार खुशाल घालवावेत. लेले मैदान, व्हॅक्सीन डेपो, सरदार्स हायस्कूलचे मैदान, जिल्हा क्रीडांगण, आनंदवाडीचा आखाडा, गोवावेसचा तरण तलाव, शिवाय खानापूर आणि निपाणीतील मैदाने, अशी सगळी यादी घेऊन पन्नास मीटरची टेप हातात घ्यावी. हॉकीच्या मैदानाला ९१.४० बाय ५५ मीटर जागा लागते, फुटबॉलला साधारण १०५ बाय ६८, पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १०, कुस्तीच्या मॅटला १२ बाय १२ मीटर. त्याभोवती मोकळी पट्टी, पंचांची जागा आणि रुग्णवाहिकेला आत येण्याचा रस्ता वेगळा. प्रत्येक मैदानापुढे मालकी कोणाची, हे स्पष्ट लिहावे: महानगरपालिका, शिक्षणसंस्था, कॅन्टोन्मेंट, संरक्षण खाते, क्रीडा खाते की खासगी संघटना. बेळगावात निम्मे घोडे येथेच अडते. मालकीची खात्री नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. नियमाने तीस दिवसांत उत्तर मिळते.

मोजणी एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैमध्ये करावी. आमच्या मंडळाने एका मैदानाची पाहणी उन्हाळ्यात केली होती आणि कागदावर सगळे उत्तम दिसत होते. तेच मैदान आषाढातल्या एका सकाळी पाहिले, तेव्हा गोलखांबाजवळ पोटरीएवढे पाणी साचले होते, कडेच्या गटाराचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजले होते आणि प्रसाधनगृहाच्या दाराला गंजलेले कुलूप होते, ज्याची किल्ली कोणाकडे आहे हे पहारेकऱ्यालाही सांगता आले नाही. त्याच मैदानावर काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या खो-खो खेळणाऱ्या मुलींना कपडे बदलण्यासाठी जवळच्या एका घराचे दार ठोठवावे लागले होते. त्या घरच्या काकूंनी आनंदाने खोली दिली, चहाही दिला. पण यजमान म्हणून आम्हाला मान खाली घालावी लागली, ती गोष्ट मी विसरलेलो नाही. म्हणून पाहणीच्या तक्त्यात मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली, वाहते पाणी आणि किल्लीची जबाबदारी असे तीन रकाने न चुकता ठेवावेत.

निवासाचा अंदाज घेण्यासाठी वेगळे सर्वेक्षण करण्याची गरज नाही. दरवर्षी येथील सुवर्ण विधानसौधमध्ये राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा आमदार, अधिकारी आणि बंदोबस्ताचे पोलीस यांनी शहरातील हॉटेले, लॉज आणि मंगल कार्यालये भरून जातात. त्या दिवसांत कोणत्या भागात किती खोल्या लागल्या, पाणी कोठे कमी पडले आणि कोणत्या चौकात वाहने तुंबली, याची नोंद ठेवली तर ती थेट प्रस्तावात वापरता येते. अर्थात डिसेंबर हा महिना स्पर्धेसाठी मागू नये. पावसाळा आणि गणेशोत्सव टाळून, दिवाळीनंतरचा नोव्हेंबर किंवा जानेवारीचा उत्तरार्ध हे आपल्या हवेला आणि शाळांच्या वेळापत्रकाला मानवणारे दिवस आहेत. महाविद्यालयांची वसतिगृहे हवी असतील तर सुट्टीचे दिवस साधावे लागतात, त्यासाठी संस्थाचालकांचे लेखी संमतिपत्र आधीच घ्यावे.

आता नगरविकासाकडे वळू. स्पर्धेच्या निमित्ताने शहरासाठी काय मागायचे, यात सर्वाधिक चुका होतात, कारण मोठे स्टेडियम डोळ्यांत भरते आणि गटार भरत नाही. पुण्याच्या बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि तेथेच २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा व २०१९ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, म्हणजे त्याचा वापर चालू राहिला. याउलट माँट्रियल शहराला १९७६ च्या ऑलिम्पिकचे कर्ज फिटायला २००६ साल उजाडले. दिल्लीने २०१० मध्ये खेळाडूंची वसाहत यमुनेच्या पूरक्षेत्रात बांधली, त्यावरून वादही झाला आणि खटलेही. बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शहापूर आणि वडगावच्या शिवारात कसे पसरते हे आपण पाहतो, तेव्हा तो धडा आपल्याला कोणी वेगळा शिकवायला नको.

म्हणून मागणी करताना एक कसोटी लावावी: स्पर्धा रद्द झाली तरी हे काम शहराला हवे आहे का? नाल्याची सफाई आणि रुंदीकरण हवे आहे. टिळकवाडीतील रेल्वे गेटांवर होणारी कोंडी सुटायला हवी आहे. मैदानांपर्यंत जाणारे पदपथ, सार्वजनिक प्रसाधनगृहे, रात्रीचे दिवे, सांबरा विमानतळ आणि रेल्वे स्थानकापासून नियमित बस, हे सगळे हवे आहे. अशी कामे प्रस्तावात वर घ्यावीत. धावण्याच्या शर्यतींची कृत्रिम धावपट्टी किंवा हॉकीची टर्फ, म्हणजे कृत्रिम हिरवळ, मागताना मात्र पुढच्या दहा वर्षांचा खर्चही लिहावा, कारण धावपट्टीचा वरचा थर साधारण आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो आणि पाण्याच्या टर्फला प्रत्येक सामन्यापूर्वी भरपूर पाणी मारावे लागते. राकसकोप आणि हिडकल जलाशयांच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत ते पाणी कोठून येणार, हे लिहिल्याशिवाय टर्फची मागणी करू नये.

जमिनीबद्दल माझे मत ठाम आहे. क्रीडासंकुलासाठी पिकाऊ शिवार सुचवू नये. हलगा-मच्छे बायपासच्या विरोधात शेतकऱ्यांनी किती वर्षे लढा दिला आणि बासमती पिकवणारी जमीन जाताना घराघरांत काय झाले, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. सरकारी पड जमीन, शाळांची मोठी मैदाने आणि आहे त्या क्रीडांगणांचे नूतनीकरण यांवर भर दिला तर शेतकरी प्रस्तावाचे विरोधक न होता पाठीराखे होतात. तरीही भूसंपादनाचा विषय निघालाच, तर २०१३ च्या कायद्यानुसार सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी व्हावी, अशी अट आपल्याच निवेदनात घालावी.

निवेदन कोणाकडे द्यायचे, यातही क्रम आहे. राष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद त्या खेळाचा राष्ट्रीय महासंघ देतो आणि त्यासाठी राज्य संघटनेची शिफारस लागते. आपल्या अनेक तालमींचे आणि मंडळांचे येणे-जाणे कोल्हापूरशी अधिक असते, तेथील पंच आणि मल्ल आपल्याकडे येतात, ते नाते जपावेच. पण यजमानपदाचा कागद कर्नाटकाच्या संघटनेमार्फतच पुढे जातो, म्हणून मंडळाची तेथील संलग्नता चालू आहे की नाही हे आधी पाहावे. त्यानंतर महानगरपालिकेच्या सभेत ठराव, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि युवजन सबलीकरण व क्रीडा खात्याकडे प्रत, पालकमंत्री, आमदार आणि खासदारांची पत्रे असा प्रवास करावा. मराठीत लिहिलेल्या निवेदनाला कन्नड प्रत जोडावी. आपली भाषा आपण सोडत नाही, पण टेबलावरच्या कारकुनाला कागद वाचता आला पाहिजे, आणि कन्नड भाषक क्रीडामंडळांची नावे सह्यांत असतील तर मागणी साऱ्या शहराची ठरते.

पैशाच्या बाबतीत वेळ महत्त्वाची. स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगाव होते, पण ती योजना मार्च २०२५ मध्ये संपली, त्यामुळे त्या निधीची आशा धरू नये. राज्याचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून निवेदन उशिरात उशिरा नोव्हेंबरपर्यंत पोहोचले पाहिजे. खासदारांना वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. त्यातून प्रसाधनगृह किंवा प्रकाशझोतासारखे एखादे ठरावीक काम मागितल्यास ते मंजूर होण्याची शक्यता अधिक असते.

प्रस्ताव दिल्यावर उत्तराची वाट पाहत बसू नये. त्याच हिवाळ्यात एखादी राज्यस्तरीय किशोर स्पर्धा घ्यावी आणि ती मोठ्या स्पर्धेची तालीम समजून चालवावी. संघांना स्थानकावरून मैदानात यायला किती मिनिटे लागली, जेवणाची पंगत किती वाजता उठली, पिण्याच्या पाण्याचे किती टँकर लागले, किती पंच स्थानिक होते, याची वही ठेवावी. स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाचे छायाचित्र काढावे, आणि तीन महिन्यांनी त्याच जागेवरून पुन्हा काढावे. ही दोन छायाचित्रे आणि ती वही मूळ प्रस्तावाला पुरवणी म्हणून जोडून क्रीडा खात्याकडे द्यावी व पोचपावती घ्यावी.