सर्व्हर डिरेक्टरीत परवानग्या देताना या चुका टाळा

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, तसेच कोल्हापूर शहरातल्या पतसंस्थांत सर्व्हर सांभाळताना सर्वाधिक कानावर येणारी तक्रार म्हणजे "काल फोल्डर उघडत होते, आज उघडत नाही". विंडोज २००० सर्व्हरबरोबर आलेल्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वापरकर्ता, संगणक, ग्रुप अशी प्रत्येक गोष्ट एक ऑब्जेक्ट म्हणून नोंदलेली असते. कोणत्या प्रकारच्या ऑब्जेक्टला कोणते गुणधर्म असावेत हे स्कीमा ठरवतो आणि त्या ऑब्जेक्टला कोणी हात लावावा हे त्याच्याबरोबरच साठवलेल्या परवानगी-यादीत लिहिलेले असते. ही यादी माणसाला नावाने ओळखत नाही, हे विसरले की घोटाळ्यांना सुरुवात होते.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत स्टोअरमधील एका कर्मचाऱ्याने नोकरी सोडली आणि मी त्याच दिवशी त्याचे खाते डिलीट केले. दोन महिन्यांनी तो परत कामावर आला, तेव्हा त्याच नावाचे खाते पुन्हा तयार करून दिले. पण ड्रॉइंगच्या फोल्डरवर क्लिक करताच 'अ‍ॅक्सेस डिनाइड' हेच उत्तर मिळू लागले. फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये त्याच्या नावाच्या जागी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारी आकड्यांची लांबलचक माळ उरली होती. तो त्याच्या जुन्या खात्याचा एसआयडी, म्हणजे सर्व्हर ज्यावरून खाते ओळखतो तो आकडा, होता. परवानगी याच आकड्याला दिलेली असते, तो एकदा वापरला की डोमेनमध्ये (एकाच डिरेक्टरीखालच्या खात्यांच्या आणि संगणकांच्या समूहात) पुन्हा दिला जात नाही, त्यामुळे नाव तेच असले तरी सर्व्हरच्या लेखी समोरचा माणूस नवखाच ठरतो. चूक सर्वस्वी माझी होती. नोकरी सोडणाऱ्याचे खाते डिलीट न करता डिसेबल करावे. शिवाय विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून उपलब्ध असलेले डिरेक्टरीचे रिसायकल बिन आधीच सुरू करून ठेवावे, कारण ते आपोआप सुरू नसते. ते सुरू असेल तर डिलीट झालेले खाते ठरावीक मुदतीत, जी सहसा १८० दिवसांची असते, मूळ एसआयडीसह परत आणता येते.

परवानगी व्यक्तीला न देता ग्रुपला द्यावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र ग्रुपमध्ये घातल्यानंतर त्या व्यक्तीने एकदा लॉग ऑफ करून पुन्हा लॉग ऑन केले पाहिजे, हे सांगायचे राहून जाते. ग्रुपची यादी लॉग ऑनच्या वेळीच टोकनमध्ये, म्हणजे त्या वेळी मिळणाऱ्या ओळखपत्रात, भरली जात असल्याने आधीचे टोकन जुनेच उत्तर देत राहते.

'डिनाय' दिले की विषय मिटला, असे समजणेही चुकीचे आहे. परवानग्यांच्या यादीत आधी त्या ऑब्जेक्टवर थेट दिलेली मनाई, मग थेट दिलेली मुभा, त्यानंतर वरच्या पातळीवरून उतरलेली मनाई आणि शेवटी उतरलेली मुभा, असा क्रम असतो. त्यामुळे 'हिशेब' या फोल्डरवर शिकाऊ कर्मचाऱ्यांच्या ग्रुपला मनाई करून आतल्या 'बिले' या फोल्डरवर त्यांच्यापैकी एखाद्याला थेट मुभा दिली, तर ती बिले त्याला बिनदिक्कत वाचता येतात. मी स्वतः 'डिनाय' शक्यतो वापरतच नाही. ज्याला नको त्याला ग्रुपमध्ये घेऊ नये, हे त्याहून सोपे.

सर्वांत चकवणारा प्रकार एका पतसंस्थेत पाहिला. तेथील मदतनिसाला सर्वांचे पासवर्ड रीसेट करण्याचा अधिकार विभागाच्या ओयूवर (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डिरेक्टरीतला कप्पा) दिलेला होता, परंतु एकाच लिपिकाच्या खात्यावर तो चालत नव्हता. चौकशीअंती कळले की पूर्वी कधीतरी एक सॉफ्टवेअर बसवण्यासाठी त्या लिपिकाला डोमेन अ‍ॅडमिन केले होते, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या त्या ग्रुपमध्ये घातले होते, आणि नंतर काढलेही होते. अशा संरक्षित ग्रुपच्या सभासदांच्या परवानग्या दर ६० मिनिटांनी अ‍ॅडमिनएसडीहोल्डर नावाच्या साच्याप्रमाणे पुन्हा लिहिल्या जातात, वरून उतरणारे अधिकार बंद होतात आणि अ‍ॅडमिनकाउंट या गुणधर्मात १ हा आकडा बसतो. ग्रुपमधून काढले तरी यातले काहीच आपोआप पूर्ववत होत नाही. खाती सांभाळण्याच्या 'यूजर्स अँड कॉम्प्युटर्स' या साधनात व्ह्यू मेनूतून 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' सुरू करून तो आकडा पुसावा आणि सिक्युरिटीत इनहेरिटन्स, म्हणजे वरून अधिकार उतरणे, पुन्हा चालू करावे. खाते अजून संरक्षित ग्रुपमध्येच असेल, तर ही दुरुस्ती तासाभरापेक्षा जास्त टिकणार नाही.

ओयूबद्दलही एक गैरसमज आढळतो. ओयू ही केवळ ऑब्जेक्ट ठेवण्याची जागा आहे. तिला स्वतःचा एसआयडी नसल्याने फोल्डरची परवानगी ओयूला देता येत नाही, त्यासाठी ग्रुपच लागतो. नवे संगणक मुळात ज्या 'कॉम्प्युटर्स' या कप्प्यात जमा होतात तो तर ओयूही नाही, म्हणून त्यावर ग्रुप पॉलिसी (सर्वांना एकत्र लागू होणारे नियम) जोडता येत नाही आणि संगणक तेथून योग्य ओयूत हलवावे लागतात. शिवाय मूळ मांडणीत कोणताही साधा वापरकर्ता १० संगणक डोमेनला जोडू शकतो. नव्या डोमेनमध्ये हा आकडा मी पहिल्याच दिवशी शून्यावर आणतो.