पहिली चेनसॉ घेताना या चुका टाळा

गोव्यात मे महिना लागला की पाऊस येण्याआधी परसातल्या वाळक्या फांद्या काढण्याची घाई सुरू होते, आणि वर्षातून चार-पाच दिवसांच्या या कामासाठी बरेच जण आपली पहिली चेनसॉ, म्हणजे फिरत्या साखळीची यांत्रिक करवत, विकत घेतात. यात सर्वांत महागात पडणारी चूक आकाराची असते, आणि ती मीही केली आहे. परसात कापायच्या होत्या त्या आंब्या-काजूच्या, फार तर मांडीएवढ्या जाड फांद्या. मी मात्र ५८ सीसीचे, २२ इंची बारचे (चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचे) पेट्रोलवरचे यंत्र घेऊन आलो. पंधरा मिनिटांत हात भरून आले. थकलेल्या हातांत चेनसॉ असणे हीच खरी भीतीची गोष्ट आहे. आठ-दहा इंच जाडीच्या लाकडासाठी १२ ते १४ इंची बार पुरतो. घराजवळच काम असेल तर विजेवरची आणि भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, टोकाला जायचे असेल तर बॅटरीवरची चेनसॉ बहुतेकांना पुरेशी ठरते.

पेट्रोलची चेनसॉ घ्यायचीच असेल, तर बिघाडाचे मूळ बहुधा टाकीत असते हे लक्षात ठेवावे. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून द्यावे लागते. पुस्तिकेत ५०:१ प्रमाण दिले असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर आणि २५:१ दिले असेल तर ४० मिलिलिटर. हे मिश्रण जूनपासून सप्टेंबरपर्यंत टाकीत तसेच राहिले, की इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि दिवाळीत दोरी कितीही ओढली तरी यंत्र सुरू होत नाही. म्हणून काम संपताच टाकी रिकामी करावी आणि उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू द्यावे.

चेनच्या ऑईलची टाकी वेगळी असते, आणि विजेच्या व बॅटरीच्या चेनसॉलाही ती भरावी लागते. गाडीतून काढलेले जळके ऑईल तिच्यात ओतणारे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार दोन्ही झिजतात. ऑईल पोहोचते की नाही हे पाहण्यासाठी बारचे टोक पांढऱ्या कागदासमोर, त्याला न टेकवता, धरून क्षणभर यंत्र चालवावे. कागदावर ऑईलची बारीक रेघ उमटली नाही, तर कापायला सुरुवात करू नये.

चेन बोथट झाली की लोक जोर लावतात, वास्तविक खाली पडणारा भुसा पाहणे पुरेसे असते. धारदार चेन लाकडाचे जाडसर तुकडे काढते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. आणि काप एका बाजूला वळत जात असेल तर बहुधा त्या बाजूचे दात धारदार आणि दुसऱ्या बाजूचे बोथट असतात. माडाच्या खोडावर चेन लवकर बोथट होते, शिवाय त्याचे तंतू कव्हरच्या आत गुंडाळतात, आणि रेताड भाटात पडलेल्या खोडाखालची माती चेनला क्षणभर लागली तरी धार जाते. खोडाखाली ओंडके सारून ते आधी जमिनीपासून उचलून घ्यावे.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उलटे अंगावर येते. त्यामुळे चेन ब्रेक (अशा वेळी चेन तत्काळ थांबवणारा ब्रेक) नसलेली चेनसॉ स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, आणि शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन ती चालवू नये. उंचावरचे काम पाडेल्याकडे (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडे) किंवा जाणकार माणसाकडे सोपवावे. गॉगल, कानांवर संरक्षण आणि घट्ट बूट हे चेनसॉबरोबरच घ्यावेत. उभे झाड तोडायचे असेल, तर १९८४ च्या गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, ती आधी काढावी.

दुसरी चेन घ्यायला जाताना केवळ बारचे इंच सांगू नयेत. पिच (चेनच्या दुव्यांमधल्या अंतराचे माप), गेज (बारच्या खोबणीत बसणाऱ्या दुव्यांची जाडी) आणि त्या दुव्यांची संख्या हे तिन्ही आकडे कागदावर लिहून न्यावेत, कारण त्यांतला एक जरी चुकला तरी चेन बसत नाही.