कोकणात समुद्राचे फोटो धुरकट येतात? हे करून पाहा

पावसाळ्यात आपल्या नागपूरचे बरेच जण कॅमेरा घेऊन कोकणात जाऊन राहिले अन् तक्रार एकच, खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे फोटो पांढरट येतात. बऱ्याचदा ते धुकं नसतेच, लेन्सवरची वाफ अन् खारे तुषार असतात.

१. एसी रूममधून कॅमेरा डायरेक्ट बाहेर काढू नका. झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, वाफ पिशवीवर धरते, लेन्स कोरडी राहते.

२. यूव्ही फिल्टर (लेन्सच्या पुढं बसणारी काच) लावा अन् दोन मायक्रोफायबर कापडं ठेवा, एक साध्या पाण्यानं ओलसर. आधी ओल्यानं मीठ टिपायचं मग कोरड्यानं पुसायचं, कोरडंच घासलं तर मीठ पसरते अन् चरे पडू शकतात. लाट यायच्या क्षणापर्यंत लेन्स कापडानं झाकूनच ठेवा, माझ्या मते सगळ्यात कामाचं हेच.

३. खरंच धुकं असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +०.७ ते +१ करा, नाहीतर सगळं करडं दिसते. याची प्रॅक्टिस आपल्या फुटाळा तलावावर हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी मस्त होते.

४. उडालेलं पाणी फोटोत गोठवायला शटर स्पीड १/१००० सेकंद, परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या तर ट्रायपॉडवर १/४ सेकंद.

अन् भाऊ, भरतीची वेळ आधी बघा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गासारख्या खडकांवर भरतीत अजिबात उतरू नका, वरून झूम लावा, पंधरा-वीस मिनिटं नुसत्या लाटा पाहा कारण मोठी लाट मधेच येते, अन् समुद्राकडे पाठ करून लेन्स पुसत बसू नका.