नवरंग ओळखताना या चुका टाळा

मे संपत आला की ओळखीतल्यांकडून पक्ष्यांचे धूसर फोटो यायला लागतात: हा नवरंग (इंडियन पिट्टा) आहे ना? बऱ्याचदा तो खंड्या असतो. निळा रंग आणि उडताना पंखावर चमकलेला पांढरा डाग एवढ्यावर लोक नाव ठोकून देतात. हे दोन्ही खंड्याकडेही असतं, आणि तो पाण्यापासून लांब, रानातही बसतो. चोच बघा. खंड्याची लांब, जाड, लालभडक. नवरंगाची त्यामानाने आखूड. नवरंगाचं शेपूटही अगदी तोकडं असतं. रंगांकडे मी शेवटी वळतो, कारण पावसाळी सावलीत हिरवी पाठ झाडीत विरून जाते. आधी डोळ्यावरून मागे गेलेला जाड काळा पट्टा आणि त्यावरची पांढरी भुवई शोधावी. शेपटीखालचा लाल रंग दिसला की शंकाच नको.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मोबाईलवर शीळ वाजवून पक्ष्याला बोलावणं. रायगडातल्या एका रानात जूनमध्ये काही हौशी मंडळींनी पाचोळ्यात स्पीकर ठेवला होता. नवरंग आला तो चोचीत गांडुळं घेऊन. दुसरा नर हद्दीत घुसलाय या समजुतीने तो स्पीकरभोवती उड्या मारत राहिला, पिल्लांचा घास चोचीतच. मी सांगून पाहिलं, तर उत्तर आलं, "दोनच मिनिटं." कॅमेऱ्यांचा खडखडाट त्यानंतरही बराच वेळ चालला. हा त्याचा विणीचा हंगाम असतो. जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर गवत-पानांचं गोल घरटं असतं. ज्याला थांबता येत नाही त्याने या पक्ष्याच्या वाटेला जाऊ नये.

पहाटे आणि संध्याकाळी तो आपणहून दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. तेव्हा नुसती जमीन धुंडाळू नका. गाताना तो फांदीवर बसून मान मागे टाकतो. एरवी मात्र खालीच, पाचोळा उलटत.

फोटोखाली 'नर' लिहू नका, नर-मादी सारखेच दिसतात. दिवाळीनंतर सह्याद्रीत शोधू नका, तोवर बहुतेक नवरंग दक्षिणेत आणि श्रीलंकेत पोचलेले असतात.

स्थलांतरात थकलेला नवरंग शहरात काचेवर आपटून पडतो. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. तासाभराने झाडीत नेऊन खोका उघडा; उडाला नाही तर वनखात्याला कळवा. पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.