ड्रुइड आणि श्वापदांची फौज: टेबलावरच्या या चुका टाळा

किंग्ज ऑफ वॉर हा छोट्या मॉडेलच्या फौजांनी टेबलावर खेळायचा युद्धखेळ. तो खेळायला ‘फोर्सेस ऑफ नेचर’ ही निसर्गाची फौज घेऊन आलेला नवा खेळाडू लांबूनच ओळखू येतो. त्याची फौज सगळ्यांत देखणी असते. मातीचे एलिमेंटल (माती, आग अशा तत्त्वांचेच बनलेले जीव), चालती झाडं, युनिकॉर्न आणि मधोमध काठी घेतलेला ड्रुइड, म्हणजे मंत्र टाकणारा पुरोहित. तिसऱ्या टर्नला मात्र चित्र बदललेलं असतं. एलिमेंटल शत्रूपासून दोन इंचांवर ताटकळत उभे, ड्रुइड कुठेतरी मागे आणि वेगवान प्राणी समोरच्या गर्दीत एकटे सापडलेले. मग खेळाडू म्हणतो, ही फौज कमजोर आहे.

ती कमजोर नाही. ती अंतराची फौज आहे. इथे अर्ध्या इंचाला जेवढी किंमत आहे तेवढी फार थोड्या फौजांत असते, आणि पुढच्या बहुतेक चुका या अर्ध्या इंचाच्याच आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॉटिंगहॅमच्या मँटिक गेम्सचा हा खेळ अलेस्सिओ कावातोरे यांनी रचला. तिसरी आवृत्ती २०१९ साली आली, आणि इथलं विवेचन त्याच नियमांवर आहे. यात एकेक शिपाई मरून टेबलावरून उचलला जात नाही. संपूर्ण पथकावर डॅमेज साठत जातं. घाव बसला की दोन फासे टाकायचे, त्यांच्या बेरजेत डॅमेज मिळवायचं आणि पथकाच्या नर्व्हशी (धीराच्या आकड्याशी) ताडून पाहायचं. पथक टिकतं, डळमळतं किंवा संपूर्ण पळतं. बाजूने चार्ज केला, म्हणजे धावून जाऊन भिडलं, तर हल्ले दुप्पट आणि पाठीमागून केला तर तिप्पट. हे दुप्पट-तिप्पट मिळवण्यासाठीच निसर्गाची फौज जन्माला आली आहे.

सर्जवर आंधळा विश्वास

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. एलिमेंटल आणि फॉरेस्ट शँबलर यांना ‘शँबलिंग’ हा नियम लागू असतो, म्हणजे त्यांना ‘अॅट द डबल’, दुप्पट वेगाने, धावत जाता येत नाही. त्याची भरपाई ड्रुइड सर्ज या मंत्राने करतो. चाली संपल्यावर, नेमबाजीच्या टप्प्यात, तो १२ इंचांच्या आतल्या एका शँबलिंग पथकावर सर्ज टाकतो. जेवढे फासे ४ किंवा अधिक पडतील तेवढे इंच ते पथक सरळ पुढे सरकतं. शत्रूला भिडलं तर तो रीतसर चार्ज धरला जातो आणि त्याच टर्नला लढाई होते.

नवा खेळाडू ‘सर्ज (८)’, म्हणजे आठ फाशांचा सर्ज, वाचतो आणि आठ इंच धरून चालतो. एका फाशावर ४ किंवा अधिक पडण्याची शक्यता निम्मी, म्हणजे सरासरी चारच इंच. आणि सरासरीवर तरी किती भिस्त ठेवायची? आठ फाशांत किमान २ यश मिळण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के आहे. किमान ३ साठी ती ८५ टक्के होते, ४ साठी ६४ आणि ५ साठी जेमतेम ३६. चारवरून पाचवर जाताना पायाखालची फळीच निघते. हे चार आकडे कागदावर लिहून फाशांच्या डबीत ठेवा. मी ठेवतो.

यातून निघणारा नियम सोपा आहे. चार्ज न करता शत्रूच्या एक इंचाच्या आत जाता येत नाही. म्हणून चालीच्या टप्प्यातच पथक शत्रूपासून एक इंचाहून किंचित जास्त अंतरावर आणून ठेवायचं, म्हणजे सर्जला दोनच यशं पुरतात. तीन इंचांच्या पुढे अंतर राहत असेल तर तो सर्ज हा जुगार आहे, आणि जुगार खेळायचाच तर सामना हातातून निसटत असतानाच खेळावा. या खेळात कधीही, कुठलंही अंतर मोजायला परवानगी आहे. टेप खिशात ठेवून अंदाजाने चालणाऱ्याला फासे माफ करत नाहीत.

बाजू गाठताना तर मोजमाप दोनदा करावं. साधा चार्ज कुठल्या बाजूला लागतो ते चार्ज सुरू होताना तुम्ही कुठे उभे आहात यावरून ठरतं. सर्जची गंमत अशी की तो चालीनंतर येतो. एलिमेंटल आधी पुढे जातात, वळतात, शत्रूच्या बगलेत येऊन उभे राहतात आणि मग ड्रुइड त्यांना ढकलतो. सहा एलिमेंटलच्या होर्डचे (मोठ्या पथकाचे) १८ हल्ले ३६ होतात. पण पथकाच्या पुढच्या कडेचा मध्यबिंदू शत्रूच्या बगलेच्या हद्दीत असला पाहिजे, आणि ही हद्द शत्रूच्या कोपऱ्यांतून ४५ अंशांत निघते. पथकाचा बराचसा भाग बगलेत दिसतोय म्हणून खूश झालेले खेळाडू मी पाहिले आहेत, आणि त्यांचा मध्यबिंदू पाव इंचाने समोरच्या हद्दीत राहिलेला असतो. वळण्याआधीच कोपऱ्याला कोन लावून बघा आणि समोरच्याला मोठ्याने सांगा, ‘हा मध्यबिंदू तुझ्या बगलेत आहे, मान्य?’ मान्यता आधी मिळाली की वाद होत नाही.

याच चुकीचा दुसरा भाग म्हणजे सर्ज फसला तर काय होईल याचा विचारच न करणं. शत्रूच्या बगलेत दीड इंचावर उभं असलेलं तुमचं पथक, त्याच्या दुसऱ्या पथकाला आपली बगल दाखवत असतं. सर्ज लागला तर सुंदर. नाही लागला तर पुढच्या टर्नला हल्ले दुप्पट होतात ते त्याचे. म्हणून मी चाल करण्याआधी पडलेल्या सर्जचं चित्र आधी बघतो. मातीचे एलिमेंटल कणखर असतात, ते असा एखादा टर्न सोसतात. आगीचे एलिमेंटल मारतात जोरात, पण सोसत नाहीत. त्यांना उघड्यावर आणून ठेवायचं तर शेजारी कुणीतरी आडवा हवाच.

आणि एक छोटी गोष्ट, पण दर महिन्याला कुणीतरी विसरतं: सर्ज फक्त शँबलिंग पथकांवर चालतो. युनिकॉर्नवर नाही, पेगॅससवर (पंखांच्या घोड्यावर) नाही.

ड्रुइड कुठे उभा आहे?

‘माझा ड्रुइड काहीच करत नाही’ ही तक्रार ऐकली की मी टेबलावर तीनच गोष्टी बघतो. त्याने या टर्नला धाव घेतली होती का? ‘अॅट द डबल’ केलं की त्या टर्नला मंत्र नाही. मागच्या टर्नला कुणी त्याच्यावर चढून डॅमेज करून गेलं का? तसं असेल तर तो विस्कळीत आहे, म्हणजे पुन्हा मंत्र नाही. आणि त्याला लक्ष्य दिसतंय का? तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा आड येते. एलिमेंटल उंच असतात. ड्रुइड त्यांच्या रांगेच्या मागे उभा केला की त्याच्या लगेच पुढच्या आपल्या पथकावर तो मंत्र टाकू शकतो, पण शेजारच्या उंच पथकाच्या पलीकडचं काही त्याला दिसत नाही. दोन मोठ्या पथकांच्या मधल्या फटीमागे तो उभा राहिला तर दोन्ही त्याच्या नजरेत राहतात आणि बारा इंचांतही.

त्याला एका टर्नला एकच मंत्र टाकता येतो. म्हणून सर्ज, हील (जखमा भरणारा), बेन चँट (आपल्या पथकाचा मारा वाढवणारा) असे सगळे मंत्र एकाच ड्रुइडला विकत घेऊन देणं म्हणजे फौज बांधायला मिळालेले पॉइंट पाण्यात घालणं. मी दोन ड्रुइड घेतो. एक सर्जसाठीच असतो, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नाही. दुसरा जखमा भरतो. तिसऱ्या-चौथ्या टर्नला समोरचा खेळाडू त्याच्या उडत्या प्राण्यांचा मोर्चा नेमका सर्जवाल्याकडे वळवतो, हे धरून चाला आणि त्याच्यामागे स्वस्तातलं एखादं पथक ठेवा. मागची जागा भरलेली असली की उडणाऱ्याला उतरायला जागाच मिळत नाही.

जंगल आपलं, पण सगळंच आपलं नाही

पाथफाइंडर हा नियम या फौजेत जागोजागी आहे. झाडीतून, दलदलीतून चार्ज करताना अडखळायचं नाही. म्हणून नवखा खेळाडू अर्धी फौज जंगलात कोंबतो आणि वाट बघतो. समोरचा शहाणा असेल तर तो जंगलाला वळसा घालून उरलेल्या अर्ध्या फौजेवर सगळं बळ आणतो.

जंगल वापरायचं ते उंबरठ्यासारखं. तुमचं पथक झाडीच्या मागच्या कडेला किंवा आत थोडंसं उभं असावं. शत्रू आला तर त्याला झाडीतून यावं लागतं. त्याचे ४ किंवा अधिकवर लागणारे घाव ५ किंवा अधिकवर लागतात, म्हणजे १८ हल्ल्यांत सरासरी नऊच्या जागी सहाच. तो नाही आला तर तुम्ही त्याच झाडीतून न अडखळता त्याच्यावर जाता.

पण कुंपण, भिंत आणि झुडपांची रांग हे अडथळे वेगळे. तिथे पाथफाइंडर चालत नाही, तुम्हीही अडखळता. माझी स्वतःची एक महत्त्वाची लढाई अशाच एका कुंपणावर गेली. मी त्याला छोटं जंगल समजून बसलो होतो. तेव्हापासून खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक टेरेनवर बोट ठेवून दोघांत ठरवून घेतो: हे जंगल, हे अडथळा, आणि जंगलाची हद्द ही या तळाची कड. झाडांचे मॉडेल सरकवता येतात, तळ सरकवायचा नाही.

श्वापदं पुढे, फौज मागे

मातीच्या एलिमेंटलचा वेग ५ आहे, आणि वेगवान प्राणी त्यांच्या जवळपास दुप्पट जातात. सहा टर्नचा खेळ आणि सहा बाय चार फुटांचं टेबल, यात या दोघांना एकाच टर्नला शत्रूपर्यंत पोहोचवणं हे खरं काम. पहिल्या टर्नलाच वेगवान पथक सुसाट सोडलं की ते दुसऱ्या टर्नला चार्ज करतं, कदाचित काहीतरी फोडतं आणि मग मोकळ्या मैदानात तिघांच्या तावडीत सापडतं. ‘द हर्ड’ या भावंड-फौजेत लायकन (लांडगामानव) आणि सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) घेऊन खेळणारे ही चूक तर हमखास करतात, कारण त्यांना ती पथकं पळवायचीच असतात.

उपाय एकच: पहिले दोन टर्न वेगवान पथक एलिमेंटलच्या मागे किंवा अगदी बाजूला धरायचं. समोरच्याला त्याची धास्ती वाटत राहते आणि तो बगल वळवून ठेवतो. त्याने बगल तिकडे वळवली की इकडे सर्जसाठी दुसरी बगल उघडी पडते. प्राणी न लढताही काम करून गेलेला असतो. हे एकदा जमलं की खेळात मजाच वेगळी येते.

इन्स्पायरिंगबद्दल थोडं

‘इन्स्पायरिंग’ असलेल्या नायकाच्या ६ इंचांच्या आत असाल तर तुमचं पथक पळण्याचा निकाल लागला की समोरच्याला फासे पुन्हा टाकावे लागतात. समजा नर्व्ह १४/१६ (१४ ला डळमळतं, १६ ला पळतं) आणि डॅमेज ७. समोरच्याला ९ किंवा अधिक हवेत, म्हणजे शंभरात सुमारे २८ वेळा. दुसऱ्यांदा टाकावे लागले तर शंभरात जेमतेम ८. इतका फरक असूनही खेळाडू हे सहा इंच मोजतच नाहीत. कुठल्या नायकाकडे हा नियम आहे ते यादी लिहितानाच बघून ठेवा.

फौज बांधतानाच्या चुका

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण निसर्गाची फौज हातात घ्यायचं निम्मं कारण हेच असतं.

पथक एकसंध राहत असल्यामुळे सगळे मॉडेल एकाच मोठ्या बेसवर (तळाच्या पट्टीवर) लावता येतात. मोठ्या जातीच्या सहांचं होर्ड १२० बाय ८० मिलिमीटरचं, म्हणजे एक छोटं रानच तयार करायला जागा मिळते. पहिली चूक होते ती फांद्यांची. झाडाचे हात बेसच्या बाहेर लांबवले की पथक शत्रूच्या बेसला टेकत नाही आणि वर जो पाव इंच आपण मोजून कमावला तो फांदीवरच जातो. पुढची कड मोकळी ठेवा, उंची मध्यात द्या. मध्यबिंदूची खूणही बेसच्या कडेवर बारीक रंगाने करून ठेवा.

दुसरी चूक ओल्या सामानाची. बागेतल्या काड्या, मुळं, वाळलेला चहाचा चोथा रानातल्या जमिनीसाठी उत्तम दिसतो, मी मुद्दाम तोच वापरतो. पण तो नीट वाळलेला नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, चाळून घ्या, आणि बेसवर लावल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा हात फिरवा. स्प्रे प्रायमरचंही तसंच. मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये गॅलरीत उभं राहून प्रायमर मारला की तो अंगावर भुकटीसारखा बसतो आणि बारीक कोरीवकाम झाकून जातं. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमर घ्या.

रंगाची चूक म्हणजे हिरव्यावर हिरवं. हिरवं गवत, हिरवं शेवाळ, हिरवे झगे, आणि तीन फुटांवरून सगळाच एक गोळा. खालचा बेस तांबूस मातीचा किंवा गळलेल्या पानांचा ठेवा, वरचा ड्रुइड आपोआप उठून दिसतो. ड्रुइड हे प्राचीन गॉल आणि ब्रिटनमधले केल्टिक पुरोहित. रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की ते ओक वृक्षावरचं मिसलटो सोन्याच्या विळ्याने कापत. मिसलटो हे एक बांडगूळच. आंब्यावरचं बांडगूळ पाहिलेल्या माणसाला ते झाडाच्या फांदीवर कसं गोल, वेगळ्या हिरव्या रंगाचं बसतं ते सांगावं लागत नाही. माझ्या सर्जवाल्या ड्रुइडच्या हातात मी सोनेरी रंगाचा बारीक विळा दिला आहे, आणि हीलवाल्याच्या हातात साधी काठी. टेबलाच्या पलीकडून बघतानाही कुठला कुठे आहे ते मला पटकन कळतं.