व्होल्टमीटरने बॅटरी तपासताना या चुका टाळा

गाडीच्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर मीटरने १२.६ दाखवले की ती उत्तम आहे असे सर्रास मानले जाते. पण आकडा बरोबर असूनही निदान चुकू शकते, कारण तो केव्हा आणि कोणत्या स्थितीत घेतला यावर त्याचा अर्थ ठरतो.

चार्जर काढल्या काढल्या किंवा इंजिन बंद केल्याबरोबर मोजणी करणे ही नेहमीची चूक आहे. त्या वेळी बॅटरीतल्या प्लेटांच्या पृष्ठभागावरील चार्जमुळे आकडा फुगलेला असतो, म्हणून बॅटरीला काही तास, शक्यतो रात्रभर, स्वस्थ राहू द्यावे. घाईच असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावून बंद करावेत आणि थोडे थांबून मोजावे. विसावलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश, तर १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा. एवढ्याशा फरकाला इतका अर्थ असल्यामुळे डिजिटल मीटरच वापरावा. इंजिन चालू असताना दिसणारे १४ व्होल्ट अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे, असतात. त्यांवरून बॅटरीची पारख होत नाही.

याहून गंभीर चूक म्हणजे चार्ज आणि क्षमता यांत गल्लत करणे. प्लेटांवर सल्फेट साचलेली जुनी बॅटरी विनालोड (काहीही चालू नसताना) १२.६ दाखवते आणि स्टार्टर फिरवताच कोलमडते. म्हणूनच दुसऱ्या कोणाला स्टार्टर मारायला सांगून, आपण मीटरवर नजर ठेवावी, हे मी आग्रहाने सांगेन. पूर्ण चार्ज असूनही, फारशी थंडी नसताना, आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यावा. मात्र प्रोब (मीटरच्या तारांची टोके) क्लॅम्पवर, म्हणजे केबलच्या पकडीवर, न टेकवता थेट शिशाच्या टर्मिनलवर टेकवावेत. स्टार्टर फिरत असताना टर्मिनलवर १०.८ आणि क्लॅम्पवर ९ दिसले, तर दोष त्या दोहोंमधल्या गंजाचा असतो, आणि तो घासून काढल्यास चांगली बॅटरी विनाकारण बदलावी लागत नाही. पूर्ण चार्जिंगनंतरही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला, तर बहुधा सहापैकी एक सेल निकामी झालेला असतो, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो.

मीटरची लाल लीड (तार) प्रवाह मोजण्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली असेल तर प्रोब टेकवताच शॉर्टसर्किट होऊन ठिणगी उडते, आणि चार्जिंगनंतर बॅटरीभोवती हायड्रोजन असू शकत असल्याने ती ठिणगी धोकादायक ठरते. म्हणून लीड व्होल्टच्या सॉकेटमध्ये आणि नॉब डीसी २० व्होल्टवर असल्याची खात्री प्रत्येक वेळी करावी.